जोडलेला तुकडा

पहिल्यांदा पाहिलं ते मनालीनं. दुबईच्या अल मनखूल भागातल्या त्यांच्या बिल्डिंगखाली जहूर नावाच्या मल्याळी माणसाचं व्हिडिओ कॅसेटचं दुकान होतं. शाळेच्या बसमधून उतरून आईबरोबर चालताना मनाली दुकानाच्या काचेपाशी थांबली. आत लावलेल्या एका कव्हरकडे बोट दाखवून म्हणाली, "मम्मी, दॅट लेडी लुक्स लाइक यू."

प्रभावतीनं वळून पाहिलं. चेहरा तिचाच होता, लग्नाआधीचा. मानेखालचं उघडं शरीर मात्र तिचं नव्हतं. तिनं मुलीचा हात इतक्या जोरात ओढला की पोर कळवळली.

प्रभावतीचं घराणं मिरजेचं, पण ती वाढली मद्रासला. वडील तिथं रेल्वेचे डबे बनवण्याच्या कारखान्यात होते. मल्याळम सिनेमाचं बरंचसं काम तेव्हाही मद्रासच्या स्टुडिओंत चाले आणि नृत्याच्या क्लासमधल्या मुलींना अधूनमधून लहानसहान भूमिका मिळत. प्रभावतीनं एकच सिनेमा केला. त्यात ती खेड्यातली शाळेची बाई होती. एका प्रसंगात ती नदीत बुडी मारून, अंगाभोवती ओलं वस्त्र घट्ट धरून घाट चढते, इतकंच. सिनेमा आला आणि गेला. विजयकुमारनं तिला पसंत केलं तेव्हा त्याची एकच अट होती, की हा विषय पुन्हा कधी काढायचा नाही. तिनं ती पाळली होती.

त्या संध्याकाळी विजयकुमार ऑफिसातून लवकर आला. ज्या कंत्राटदार कंपनीत तो इस्टिमेटचं काम बघे, तिथं निम्म्याहून अधिक लोक केरळचे होते. त्यानं बॅगेतून तीच कॅसेट काढली. कुणीतरी ती त्याच्या टेबलावर ठेवून गेलं होतं.

मनालीला शेजारी पाठवून दोघांनी ती लावली. नाव बदललेलं होतं, बाकी सिनेमा तोच. प्रभावती नदीतून वर आली, तिनं मान वळवली, आणि अचानक चित्राचा रंग बदलला. आता पडद्यावर एक पाठमोरी बाई होती, बंद खोलीत, एका पुरुषाबरोबर. तिचा चेहरा एकदाही दिसला नाही. मग पुन्हा प्रभावतीचा चेहरा. पुन्हा ती बाई.

विजयकुमारनं टीव्ही बंद केला.  मग खाली मान घालून त्यानं विचारलं, "ही तू नाहीस ना?"

प्रभावतीला वाटलं होतं की तो चिडेल, लाजेल. तो विचारेल असं मात्र वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जहूरच्या दुकानात गेली. त्यानं तिला ओळखलं आणि तो खुर्चीतून उठला. कव्हर त्यानं आदल्या दिवशीच, तिला तशी पळताना पाहून, काढून टाकलं होतं. तिनं विचारलं तसं तो सांगत गेला. केरळात मोठमोठे सिनेमे सध्या धडाधड पडत होते. थिएटरं लग्नाचे हॉल होऊ लागली होती. जी तगली होती ती अशाच चित्रांवर. जुनं, पडलेलं चित्र स्वस्तात घ्यायचं, मध्ये दुसरीकडे शूट केलेले तुकडे जोडायचे, नवं नाव द्यायचं. मागच्या फळीवर त्यानं चांगल्या दिग्दर्शकांचे सिनेमे जपून ठेवले होते. त्यांच्यावरची धूळ दाखवत तो म्हणाला, "बहनजी, मेरे पास जो था, हटा दिया. लेकिन शारजा से खोर फक्कान तक कॉपी की कॉपी है. मैं किस किस को रोकूँ?"

मूळ सिनेमाची कॅसेट मिळेल का, एवढंच तिनं विचारलं. त्यानं ती कुणाकडून तरी शोधून आणून दिली.

शुक्रवारी, सुटीच्या दिवशी दुपारी तिनं विजयकुमारच्या ऑफिसातल्या कुटुंबांना घरी बोलावलं. एकेकीला स्वतः फोन केला, बटाटेवडे केले, चादरी अंथरल्या. मूळ सिनेमा सगळ्यांनी एकदा पाहिला की झालं, असा तिचा हिशेब होता. विजयकुमारनं अडवलं नाही, पण तो बेडरूममध्ये जाऊन बसला.

आली फक्त कावेरी, वरच्या मजल्यावरची मल्याळी नर्स. तिला तर बोलावलंही नव्हतं. जहूरकडून कळलं म्हणून ती आली होती. दोघींनी सिनेमा पूर्ण पाहिला. पडद्यावरची प्रभावती नदीचा घाट चढून गेली आणि पुढच्याच दृश्यात वर्गात मुलांना पाढे शिकवू लागली. कावेरीनं डोळे पुसले. जाताना ती हिंदीत म्हणाली की मला हे दाखवायची गरज नव्हती, आणि ज्यांना गरज आहे ते कधी बघणार नाहीत.

विजयकुमार दारात उभा होता. त्यानंही शेवट पाहिला होता.

"चांगलं काम केलंयस तू," तो म्हणाला. "मला माहीतच नव्हतं."

प्रभावतीनं आशेनं त्याच्याकडे पाहिलं. पण तो पुढे म्हणाला, की ऑफिसात टेबलाटेबलावर जाऊन हे कुणाला दाखवणार? तिनं आणि मनालीनं काही दिवस मिरजेला जावं. सगळं थंड झालं की बघू.

"मी गेले तर ती बाई मीच ठरेन," प्रभावती म्हणाली. "इथंच राहू द्या मला. घराबाहेर पडणार नाही, पण पाठवू नका."

 तो म्हणाला, "व्हिसा कॅन्सलला दिलाय, प्रभा. बुधवारीच."

तिचा व्हिसा त्याच्या नावावर होता. त्यासाठी तिची सही लागली नव्हती. ती जमिनीवर बसली, चादरीवर हात फिरवत राहिली. रडायचं म्हटलं तरी रडू येईना.

मनालीची परीक्षा बुडाली. एअरपोर्टवर तिनं "व्हेन आर वी कमिंग बॅक?" असं पुन्हा पुन्हा विचारलं. पासपोर्टवर शिक्का पडल्यावर प्रभावतीनं मागं वळून पाहिलं. काचेपलीकडे विजयकुमार होता. तो त्यांच्याकडे बघत नव्हता. आजूबाजूला कुणी ओळखीचं तर नाही ना, हे तो मान वळवून वळवून पाहत होता.