नळीतला कापूस

मी बंदूक बोलतेय. दचकून मागे सरकू नका. माझ्यातून आता बार उडत नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं मला खुशाल म्हणा. मी मात्र स्वतःला मास्तरीणबाई समजते.

माझा जन्म इटलीतल्या एका कारखान्यात झाला. दोन नळ्या आणि अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता. आयर्लंडमधल्या किल्डेअर परगण्यातल्या पॉड्रिग नावाच्या शेतकऱ्याने मला घेतलं आणि वीसेक वर्षं वापरलं. एकदा कुंपण ओलांडताना त्याने मला रिकामं केलं नाही. पाय घसरला, बार उडाला आणि पुढे चाललेला त्याचा कुत्रा जागीच गेला. मला चिखलात टाकून तो कुत्र्याला उचलून घरी गेला. पुढे त्याने माझ्यातला काडतुसावर आपटणारा खिळाच काढून टाकला आणि नास गावाजवळच्या शिकारी क्लबाला मला शिकवण्यासाठी देऊन टाकलं. शिकवायचाही तोच.

सरकारी अनुदानावर दर शनिवारी आमचा वर्ग भरायचा. बंदूक उघडायची, आत काडतूस नाही ना ते बघायचं, मग नळीतून आकाश बघायचं. आरपार उजेड दिसल्याशिवाय पुढचं काही नाही. पॉड्रिग हे इतक्या वेळा करून घ्यायचा की लोक वैतागायचे. माणसांची ही खोडच आहे. एकदा समजलं की आपल्याला आलं, असं त्यांना वाटतं. हाताला वळण लागायला वेळ लागतो, हे कोण सांगणार?

शशिकांत तिथेच शिकला. तो मूळचा पुण्याचा, आता किल्डेअरमधल्या वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात इंजिनिअर. पुढे तो पॉड्रिगच्या हाताखाली शिकवूही लागला. अनुदानाचा अर्ज तोच भरायचा. त्यात एक रकाना होता, वर्षभरातल्या अपघातांचा. तिथे तो दरवर्षी मोठ्या अभिमानाने शून्य लिहायचा.

एका वर्षी उत्तर आलं की, अपघात होतच नसतील तर या पैशाची गरज दुसरीकडे जास्त आहे. हसावं की रडावं, मला कळेना. वर्ग बंद झाला. पॉड्रिग घरी बसला, नव्या सभासदांना क्लब एक व्हिडिओ पाठवू लागला आणि मी शशिकांतच्या घरी जिन्याखालच्या कपाटात येऊन पडले.

शशिकांतचा मित्र जयेश सरकारी इस्पितळात सर्जन आहे. त्याने तो व्हिडिओ पाहून परवाना मिळवला. 'एक दिवस माझ्याबरोबर बस,' असं शशिकांतने त्याला सांगून पाहिलं.

"अरे, ग्रँड आहे, काही काळजी नको. व्हिडिओत होतं सगळं," जयेश म्हणाला. शशिकांतने पुन्हा विषय काढला नाही.

खंडेनवमीला जयेश आपली नवी बंदूक आणि कराडहून आलेल्या आईला, वासंतीबाईंना, घेऊन शशिकांतकडे आला. पाटावर आम्ही दोघी शेजारी शेजारी. वासंतीबाईंनी हळदकुंकू वाहिलं. नळीच्या तोंडाशी शेवंती ठेवली, पण ती राहीना. म्हणून त्यांनी कापसाचा बोळा आत खोचला आणि त्यात देठ रोवला. दोघींनाही तसंच सजवलं. मला आजवर कुणी फूल वाहिलं नव्हतं. मी सुखावले, हे कबूल करते. संध्याकाळी जयेशने आपल्या बंदुकीवरचं फूल काढलं, पण कापूस आतच राहिला. पुढे तीन आठवडे त्याची बंदूक कपाटात उभी होती, तेवढ्या काळात तो बोळा खाली सरकत गेला.

नोव्हेंबरात शिकारीचा हंगाम उघडला. त्या सकाळी जयेशने नळीतून आकाश पाहिलं नाही. पहिल्याच बाराला नळी फुटली आणि त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. सर्जनची बोटं. ज्या हातासाठी त्याच्या आईने आयुष्यभर खस्ता खाल्ल्या, तो हात.

इस्पितळातून घरी आल्यावर जयेशने शशिकांतकडून शब्द घेतला की, नळी कापसामुळे फुटली हे आईला कळू द्यायचं नाही आणि कुठे लिहायचंही नाही. बंदुकीतच खोट होती, असं सांगायचं.

पुन्हा अनुदानाचे अर्ज भरायचे दिवस आले. अर्जासोबतच्या फोटोसाठी मला टेबलावर ठेवून शशिकांत लिहायला बसला आणि अपघातांच्या रकान्यापाशी अडला. खरं लिहिलं तर वर्ग पुन्हा सुरू होण्याची आशा होती, पण मित्राला दिलेला शब्द मोडणार होता. शून्य लिहिलं तर पुन्हा तेच उत्तर येणार.

तेवढ्यात वासंतीबाई निरोप घ्यायला आल्या. गावी परत निघाल्या होत्या. माझ्या नळीत त्यांची शेवंती वाळून तशीच होती. मला बघायला कुणाला सवड होती? त्यांनी ती ओढली, तर देठाबरोबर कापूस बाहेर आला.

"त्याच्या बंदुकीतबी ह्योच ऱ्हायला हुता का?" त्यांनी विचारलं.

शशिकांतने मान खाली घातली आणि आपण कोणत्या रकान्यापाशी अडलोय ते सांगितलं.

वासंतीबाईंनी तो कापूस अर्जाशेजारी ठेवला.

"लिव्ह. आईनं कापूस घातला, आसं लिव्ह. तिला ठावं नव्हतं आन् लेकालाबी कुनी शिकवलं नव्हतं, ह्येबी लिव्ह."

शशिकांतने रकान्यात एक लिहिलं.

अर्ज गेला, उत्तर अजून आलेलं नाही. मी पुन्हा जिन्याखाली आहे. ज्यांच्या हाती तो कागद पडेल, त्यांना ही जुनी मास्तरीण हात जोडून सांगते: या रकान्यात दोन लिहिलं जायची वाट पाहू नका.