चुड्यातल्या दोन निळ्या

अजमतबीने उजवा डोळा तळहाताने झाकला आणि समोरच्या भिंतीकडे पाहिलं. भिंत हिरवी. मग हात काढून तिने डावा डोळा झाकला. भिंत निळी. पाटोद्याच्या बाजारगल्लीतल्या त्या खोलीत सकाळपासून हाच खेळ चालला होता आणि तिची सून समिना भाकरी थापताना हसू दाबत होती.

बीडला जाऊन उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून आठवडा झाला होता. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, थेंब चुकवायचे नाहीत. एवढे नेम तर सासूनेही लावले नव्हते, अशी तिची तक्रार होती. डाव्या डोळ्याचा नंबर पुढच्या महिन्यात होता. तोवर डाव्याला सगळं कोऱ्या चहातून पाहिल्यासारखं दिसायचं आणि उजव्याला नुकतं धुऊन वाळत घातल्यासारखं.

त्या भिंतीचं एक जुनं भांडण होतं. दोन वर्षांपूर्वी ईदच्या आधी मुलाने, मुस्तकीमने, खोलीला निळा रंग दिला. आईला निळाच हवा होता. पण रंग वाळल्यावर अजमतबीने पाहिलं तर तिला तो हिरवा. मी निळा सांगितला आणि यानं दुकानात उरलेला हिरवा स्वस्तात उचलला, म्हणून ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. पोराने शपथा घेतल्या. शेवटी समिनाने नवऱ्याला डोळ्यांनी खुणावलं आणि घरात सगळे त्या भिंतीला हिरवी म्हणू लागले. आज दुपारी अजमतबीने सुनेजवळ भिंत निळी असल्याचं कबूल केलं. मुस्तकीमला इतक्यात सांगू नकोस, असंही बजावलं.

एवढं झाल्यावर खरं तर तिने झोपायला हवं होतं. पण भिंतीवरून तिला बांगड्यांची पेटी आठवली.

अजमतबी मनियार म्हणजे पाटोद्यापासून लिंबागणेशच्या वाटेपर्यंतच्या वाड्यावस्त्यांवर बांगड्या भरणारी बाई. सासूच्या हाताखाली शिकली आणि सासूची गावं तिच्याकडे आली. तिची कला अशी, की ती कधी हाताकडे बघायचीच नाही. पोरीच्या तोंडाकडे बघत, माहेर-सासर विचारत, अंगठ्याचं मूळ दाबत राहायची आणि पोरीला कळायच्या आत बांगडी मनगटावर गेलेली असायची. अशा बाईचे डोळे कधी गेले, हे लोकांना कळणार कसं? तिचं तिलाही कळलं नव्हतं.

तिने समिनाकडून पेटी जवळ ओढून घेतली आणि झाकण उघडलं. चुड्याच्या हिरव्या बांगड्यांचा खण नेहमी डाव्या हाताला. घाऊक दुकानातून आणलेल्या बांगड्यांच्या जुड्या सोडून ती स्वतः तो खण लावायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. तिने डाव्या डोळ्याने पाहिलं, खण हिरवागार होता. मग उजव्याने पाहिलं. हिरव्यांच्या मधे मधे मोरपिशी निळ्या बांगड्या बसल्या होत्या, आणि एकदोन नव्हे, चांगल्या मूठभर होत्या.

तिला पहिली आठवली ती धनश्री. लिंबागणेशच्या रस्त्यावरच्या वस्तीवर राहणाऱ्या केसरबाईची थोरली नात. गेल्या उन्हाळ्यात ती माजलगावला दिली आणि तिचा लग्नाचा चुडा अजमतबीनेच भरला होता. चुडा भरून झाल्यावर धनश्रीची आई वनमाला काहीतरी बोलायला गेली आणि केसरबाईने तिला मधेच चहा टाकायला पाठवलं. तेव्हा अजमतबीला त्यात काही वाटलं नव्हतं. आता सगळं दिसलं. नवरीच्या हिरव्या चुड्यात निळ्या गेल्या आणि आपण वर मान करून खण-नारळ घेऊन आलो. बायका पाठीमागे किती हसल्या असतील, या विचाराने ती शरमेने अर्धी झाली.

आणि आता त्याच घरी धाकटीचं, ऋतुजाचं लग्न होतं. धनश्रीच्याच दिराशी. चुडा भरायला अजमतबीनेच यायचं, असा निरोप कालच आला होता. तू जा माझ्या जागी, असं ती समिनाला म्हणाली. समिना म्हणाली, आधी जाऊन विचारून तर या, भिंतीसारखं नको व्हायला.

दुसऱ्या दिवशी काळा चष्मा लावून ती वस्तीवर गेली. केसरबाई ओसरीत हळकुंडं निवडत बसली होती. करारी बाई. नवस बोलली तर फेडायला लिंबागणेशला अनवाणी जाणार, आणि पोराचंही खोटं पाठीशी घालणार नाही, अशी तिची ख्याती. अजमतबीने बसायच्या आधीच विचारलं.

"अक्का, धनश्रीच्या चुड्यात निळ्या गेलत्या का?"

केसरबाईचा हात थांबला नाही. "दोन गेलत्या."

"मग सांगितलं कावून न्हाई मला?"

"भरून झाल्यावर दिसल्या. भरलेला चुडा उतरवायचा न्हाई, हे तुजंच सांगणं. तुला सांगितलं असतं तर तू तिथंच रडत बसली असतीस. मंगल कार्यात रडारड पायजे व्हय?"

मग तिने पुढचं सांगितलं. मांडवात माजलगावच्या विहिणीने नवरीचा हात उचलून पाहिला आणि या दोन निळ्या कशाच्या, असं चार बायकांत विचारलं. वनमालाचा चेहरा पडला. केसरबाई मात्र शांतपणे म्हणाली, ही आमच्या घरची रीत आहे. आमचा मुलूख कोरडा, म्हणून लेकीच्या चुड्यात पाण्याच्या दोन निळ्या घालतो. लेक जाईल तिथे पाणी कमी पडू नये. विहीण खूश झाली. माजलगावला धरण, तिला ते आपलंच कौतुक वाटलं. एवढ्यावर थांबलं असतं तर बरं. पण दिवाळीनंतर तिने स्वतःच्या लेकीच्या चुड्यातही हौसेने दोन निळ्या घालून घेतल्या, आणि आता ऋतुजाच्या चुड्यात पाण्याच्या दोन विसरू नका, असा तिचा फोन आला होता.

केसरबाई हे सांगताना थोडी हसली. अजमतबीला हसू आलं नाही. लोक हसले असते तर तिने सोसलं असतं. सांभाळून घेतलं, हे तिला जास्त लागलं. एवढी वर्षं हिच्या घरातल्या पोरींचे हात आपण धरले आणि हिने आपल्याला आंधळं ठरवून झाकलं, असं तिच्या मनात आलं.

"माजी चूक तुमच्या घरात रीत म्हनून ऱ्हायला नको," ती म्हणाली. "आता डोळा साफ झालाय माजा. हिरवाच चुडा भरीन, न्हाईतर भरणारच न्हाई."

केसरबाईने हळकुंडांचं सूप बाजूला ठेवलं. "तुला वाटल तसा भर. इहीण इचारल, मी खोटी पडन. पडते एकदा, त्यात काय. पर हात तुजाच पायजे."

अजमतबी उठली. परतीच्या जीपमध्ये ती काळा चष्मा जरा वर सरकवून खिडकीशी बसली होती. बाहेर कोरडी रानं आणि त्यावर निळंशार आभाळ. इतकं निळं आभाळ तिने किती वर्षांत पाहिलं नव्हतं. तिचा राग हळूहळू उतरत गेला आणि एकच गोष्ट मनात राहिली. जन्मात खोटं न बोललेली बाई भर मांडवात खोटं बोलली होती, ते आपल्यासाठी.

चुड्याच्या दिवशी ओसरी बायकांनी भरली होती. धनश्री सासूला घेऊन आली होती. ती माजलगावची विहीण अगदी पुढे येऊन बसली. अजमतबीने चष्मा काढला आणि पेटी उघडली. ऋतुजाचा हात हातात घेतला, पण या खेपेला ती पोरीच्या तोंडाकडे बघत नव्हती. एकेक हिरवी बांगडी उजेडात धरून पाहत होती आणि मगच भरत होती. वनमाला खांबाला टेकून उभी होती. केसरबाईने मुद्दाम तोंड अंगणाकडे फिरवलं होतं.

दोन्ही हात भरत आले. विहीण पुढे झुकली. काही विचारणार, इतक्यात अजमतबीने पेटीच्या तळातून कागदाची पुडी काढली. तीत दोन निळ्या बांगड्या होत्या, अगदी मोरपिशी. आदल्या दिवशी तिने त्या स्वतः निवडल्या होत्या. तिने उजव्या हातात एक भरली, डाव्या हातात एक भरली.

"पाण्याच्या हायत ह्या," ती विहिणीला म्हणाली. "या घरची रीत हाय. माज्या हातून चुकायची न्हाई."

विहिणीने समाधानाने मान हलवली. केसरबाईने वळून पाहिलं नाही. तिने पदर तोंडाला लावला आणि वनमालाला चहा टाकायला सांगितलं.

ऋतुजा पाया पडली. अजमतबीने तिला उठवलं, तिचे दोन्ही हात धरून ठेवले आणि हळूच उजवा डोळा मिटला. सगळा चुडा हिरवागार दिसला, एकही बांगडी वेगळी नाही. धनश्रीच्या हातात भरलेला चुडाही तेव्हा तिला असाच दिसला होता. तिच्या परीने तिने काही चुकीचं भरलं नव्हतं. पुढच्या महिन्यात डावा डोळाही साफ होणार होता. मग हे असं पुन्हा दिसणार नव्हतं. ती थोडा वेळ तशीच बघत राहिली.

मग तिने डोळा उघडला, ऋतुजाचे हात सोडले आणि वनमाला चहा घेऊन येईपर्यंत उरलेल्या बांगड्या पेटीत लावत बसली.