मशेरीचा आळ

मी दात बोलतोय. वरच्या जबड्यातला, समोरचा, डाव्या बाजूचा. जागृती हसली की सगळ्यात आधी मीच दिसतो, म्हणून ती फारशी हसत नाही. हसलीच तर ओढणीचं टोक नाहीतर हाताचा पंजा माझ्यासमोर येतो. बावीस वर्षांची मुलगी. न्हावा शेव्याच्या एका कंटेनर यार्डात कॉम्प्युटरवर गेटपास काढते, दांडगट ड्रायव्हरांना एका शब्दात गप्प करते, पण फोटो म्हटला की ओठ मिटून घेते.

आधीच सांगून ठेवतो, माझा कुणावरही विश्वास नाही. ब्रशवर नाही, मंजनावर नाही, 'अजिबात दुखणार नाही हं' म्हणणाऱ्या डॉक्टरवर तर मुळीच नाही. दोन घरं पलीकडच्या सुळ्यावरही माझी बारीक नजर असते. हत्तीचे म्हणे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे. मी दाखवायचाही आणि खायचाही, त्यामुळे दोन्हीकडची बोलणी मलाच. एवढासा दात आणि केवढा हा संशय, असं तुम्ही म्हणाल. अहो, ज्या घरात राहतो तिथूनच शिकलो मी तो.

माझा जन्म हिरडीच्या आत, हाडात झाला. बाहेर दुधाचे दात पांढरेशुभ्र मिरवत होते तेव्हा मी आत थरावर थर घेत घडत होतो. जागृतीचे वडील चांगदेव त्या वेळी चंद्रपूरकडच्या एका दगडखाणीवर डंपर चालवायचे. आई कल्पिता आणि तान्ही जागृती खाणीजवळच्या वस्तीत राहायच्या. वस्तीत बोअरचा एक हातपंप होता. कल्पिता मिठागरवाल्याची लेक, जन्मभर मचूळ पाणी प्यालेली. तिला ते पाणी म्हणजे अमृत वाटायचं. चांगदेव कधी कामावरून टाकीचं पाणी घेऊन आले तर ती म्हणायची, "त्याला औषधाचा वास मारतो. माझ्या पोरीला मी बोअरचंच देनार. कसं गोड लागतं!"

त्या पाण्यात काय होतं ते मला कळत नव्हतं. माझी घडण बिघडतेय एवढं मात्र जाणवत होतं. वरची साल नको इतकी कडक होत होती आणि तिच्याखालचा थर भुसभुशीत राहत होता. पण हिरडीच्या आत बसून ओरडणार कुणाला?

जागृती सहा वर्षांची झाली आणि चांगदेवना न्हावा शेव्याला ट्रेलरवर काम मिळालं. बिऱ्हाड खाडीकाठच्या आपल्या गावी परतलं. कल्पिता कोळंबी सोलायच्या कामाला जायला लागली. दिवसभर पोर सांभाळायला चांगदेवांची थोरली बहीण होती, ठमाबाई. तीन घरं पलीकडे एकटीच राहायची. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. पण तिच्यावाचून गावात हळद लागत नसे, कारण ती धवलारीण होती. आमच्याकडे लग्नात धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गाणारी बाई आधी, भटजी नंतर. आत्याच्या मांडीवर बसून जागृतीने निम्मे धवले पाठ केले.

आत्याला एकच खोड होती, मशेरीची. तंबाखू तव्यावर भाजून केलेली ती काळी पूड. सकाळ-संध्याकाळ बोटावर घेऊन दातांना लावायची आणि पायरीवर बसून जगाचा विचार करायची. डबी कायम कमरेला.

नेमका त्याच वर्षी मी बाहेर आलो. आलो तो खडूसारखा पांढुरका, निस्तेज. पुढच्या वर्ष-दीड वर्षात चहा, कालवण, जे जे तोंडात येईल त्याचा रंग माझ्या भुसभुशीत थरात मुरत गेला आणि माझ्या अंगावर तपकिरी पट्टे उठले. शेजाऱ्याचीही तीच गत झाली.

एका रविवारी कल्पिताने जागृतीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. मला तिचे डोळे दिसले, आणि त्यांत हिशेब जुळताना दिसला. दुधाचे दात पांढरे होते. पोर आत्याकडे राहिली. दात तपकिरी झाले.

"आक्का!" तिने तीन घरं ऐकतील असा आवाज दिला. "माझ्या पोरीला मशेरी लावाया शिकवलीस?"

"न्हाय गो कल्पिता. मी कवा डबी दावली बी न्हाय तिला."

"मग हे काय हाय? आभालातून परलं?"

ठमाबाईने वाकून मला पाहिलं. तिचा चेहरा पडला. मीही तिच्याकडे संशयानेच पाहत होतो, पण त्या चेहऱ्यावर चोरी नव्हती, भीती होती. आपल्या नकळत पोरीने डबीत बोट घातलं असेल, असं तिला स्वतःलाच वाटून गेलं. ती तडक खाडीवर गेली आणि डबी पाण्यात फेकून आली. कल्पिताला तो कबुलीजबाब वाटला. "आता माझ्या दारात पाय टाकू नको," एवढंच ती म्हणाली. तिने आत्यावर दात धरला तो चौदा वर्षं. बघा, धरायचा राग आणि नाव दाताचं.

चांगदेव मधे पडले नाहीत. बहीण आणि बायको यांच्यामधे पडलेल्या माणसाचे काय हाल होतात ते त्यांनी पाहिलेले असावेत. जागृती सांगायची, "आई, मी नव्हती लावली ग." सांगून सांगून दाताच्या कण्या झाल्या. मग तिने सांगणं सोडलं आणि ओठ मिटायला सुरुवात केली.

यंदा तिचं लग्न ठरलं. मुलगा रेवदंड्याकडचा, प्रज्योत नावाचा. वैशाखातली तारीख निघाली. त्याच संध्याकाळी मायलेकींचं वाजलं.

"हळदीला आत्या धवलं बोलणार," जागृती म्हणाली. "ती नसेल तर मला हळदच नको."

"तिचा पाय मांडवात परला तर मी मांडवातून उठेन," कल्पिता म्हणाली. "आनि आधी ते दात झाकून घे. सासरची मानसं काय म्हनतील? पोरगी मशेरी लावते?"

म्हणजे झाकायचं कुणाला, तर मला.

बाजारातल्या डॉक्टरने मला पाहिलं. "गाव कुठलं?" त्याने विचारलं. कल्पिता ताठ बसून म्हणाली, "हेच. सात पिढ्या हितल्याच." आमच्याकडे गाव विचारलं की माणूस मूळ सांगतो, मधे कुठे राहून आला ते नाही. डॉक्टरने मान डोलावली आणि कामाला लागला.

त्याने मला घासलं, पुसलं, अंगावर निळसर आम्ल लावलं. त्या आम्लाने दाताची साल खरखरीत होते, बारीक खाचा पडतात आणि त्या खाचांत डिंकासारखं औषध शिरून बसतं. सगळी पकड त्या खाचांची. पण माझी साल फाजील कडक. आम्लाने जेमतेम गुदगुल्या केल्या. त्यावर औषध आलं, वर दातासारख्या रंगाचा लेप आला, निळा दिवा दाखवला, आरसा पुढे आला. जागृती हसली. मला तेव्हाच शंका आली होती. तेल चोपडलेल्या कपाळावर टिकली किती वेळ राहणार?

आठव्या दिवशी लेप तांदळाच्या मऊ भाकरीत निघाला. पुन्हा लावला. पंधरा दिवसांनी प्रज्योतशी फोनवर बोलताना जागृती मोकळेपणी हसली आणि लेपाचा तुकडा तिच्या जिभेवर आला. हसणं मधेच थांबलं.

डॉक्टर वैतागला. "माझी सगळ्यांची कामं टिकतात. हिचंच का निघतं? सुपारी, मशेरी, काही लावते का ही?"

झालं! कल्पिताचा चेहरा दगडासारखा झाला. घरी आल्यावर तिने जागृतीची पर्स उपडी केली. कंगवा निघाला, यार्डाचं ओळखपत्र निघालं, मशेरी निघाली नाही. तरी दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी मुलीच्या तोंडाचा वास घेऊ लागली. "चोरून आत्याकडे जातेस. मना ठाव हाय."

"घे वास! घे!" जागृती तिच्या तोंडासमोर तोंड नेऊन ओरडली आणि मग रडली. मला त्या माउलीचा इतका राग आला की मी सुळा असायला हवा होतो असं वाटलं.

लग्नाला बारा दिवस उरले होते. यार्डातल्या मैत्रिणीने डॉक्टर अतियाचं नाव सांगितलं. श्रीवर्धनकडच्या बाई, दवाखाना उरणात. कल्पिताही सोबत आली. पोरगी दवाखान्याच्या नावाखाली भलतीकडे जाईल, हा संशय होताच.

डॉक्टर अतियांनी मला सुकवलं, दिवा तिरपा धरला आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मी सावध झालो. गप्प डॉक्टर जास्त धोक्याचे.

"ताई," त्या कल्पिताला म्हणाल्या, "ही तीन-चार वर्षांची असताना पाणी कुठलं प्यायची?"

"गाव हेच आमचं. सात पिढ्या..."

"गाव नाही विचारलं मी. पाणी विचारलं."

कल्पिता आठवून म्हणाली, "तेव्हा आम्ही चंद्रपूरकडे होतो. खाणीवर. बोअरचं पानी होतं. गोड होतं एकदम."

डॉक्टरनी आरसा खाली ठेवला. "त्या पाण्यात फ्लोराइड जास्त असणार. पुढचे दात त्याच वयात आत हाडात तयार होत असतात. ते आतूनच बिघडून आले. रंग मागून चढला."

"मशेरीनं न्हाय?"

"मशेरीचा डाग वरवर असतो, घासून बराचसा निघतो. हा दाताच्या आतला आहे. त्या वस्तीतल्या बाकीच्या मुलांचे दात आठवतात का तुम्हाला?"

कल्पिताला आठवले. खुर्चीच्या हाताला धरून ती उभी होती. "पिवळे होते सगळ्यांचे," ती हळूच म्हणाली. "मी म्हनायची, ही मानसं पोरांचे दात घासत न्हाईत." मग म्हणाली, "टाकीचं पानी येत होतं घरात. मीच देत न्हवते. मीच पाजलं."

"तुम्हाला माहीत नव्हतं, ताई."

"आक्कालाही म्हाईत न्हवतं," कल्पिता म्हणाली आणि पदर तोंडाला लावला. जागृती खुर्चीत आ वासून पडलेली होती, तिला बोलता येत नव्हतं. तिने फक्त हात लांब करून आईचा पदर धरला.

डॉक्टरनी या वेळी घाई केली नाही. आधी माझी वरची कडक साल बारीक घासून काढली. जिवावर आलं, खोटं कशाला बोलू. मग आम्ल नेहमीच्या कितीतरी वेळ अंगावर ठेवलं. पहिल्यांदाच ते मला झोंबलं, खाचा पडल्या, औषध आत शिरलं. लेप बसला तेव्हा कुणीतरी घट्ट हात धरावा तसं वाटलं. "तरीही कायमचं म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "अशा दातांवर धरतं कमीच. जपा. आणि थोडे दिवस चहा आणि हळद लांब ठेवा, डाग पडतो." या बाईवर मी थोडा विश्वास ठेवायचं ठरवलं, कारण तिने खात्री दिली नव्हती.

गावात रिक्षा थांबली. कल्पिता घरी न जाता तीन घरं पुढे गेली. जागृती मागोमाग. ठमाबाई पायरीवर सुके बोंबील निवडत होती. चौदा वर्षांत केस पार पिकलेले. भावजयीला समोर पाहून ती घाईने उठली, जणू आपल्याच दारात तिला उभं राहायची परवानगी नव्हती.

"आक्का, तुझी मशेरी न्हवती ती," कल्पिता म्हणाली. "पानी होतं. खाणीवरचं. मीच पाजलेलं."

ठमाबाईला आधी कळलंच नाही. जागृतीने सगळं पुन्हा सांगितलं. मग म्हातारीने विचारलं, "म्हंजे माझ्या डबीत पोरीनं बोट घातलंच न्हवतं?"

"नाही ग आत्ये. कधीच नाही."

"चौदा वरसां," ठमाबाई म्हणाली, "मना वाटत व्हतं, मीच पोरीचं त्वांड बिघरवलं." आणि ती बोंबलांच्या टोपलीशेजारी पायरीवर बसली. कल्पिता तिच्या पायांशी बसली. "आक्का, हळदीला ये. न्हायतर मीच मांडवात पाय ठेवनार न्हाय." आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात ना, तसं झालं होतं. तक्रार करायची तर कुणाकडे?

हळदीच्या दिवशी ठमाबाई आली. आवाज थोडा चिरकला होता, पण पहिला धवला तिने उचलला आणि मांडव गप्प झाला. जागृती पाटावर बसून ओठांतल्या ओठांत तिच्याबरोबर म्हणत होती, मला प्रत्येक शब्द हाडातून ऐकू येत होता. आत्याने हळदीत बोट बुडवून तिच्या गालाला लावलं. मग म्हणाली, "त्वांड उघर गो, बघू दे." जागृतीने तोंड उघडलं, आणि आत्याने पिवळं बोट थेट माझ्यावर ठेवलं. डॉक्टरांचं सांगणं आठवून कल्पिता "आक्का, हळद नको!" म्हणून ओरडली, आणि जागृती मांडवभर ऐकू जाईल अशी हसली. पंजा आड आला नाही.

आता मी रेवदंड्याला असतो. लेप अजून आहे. तो एक दिवस निघेल असा मला रोज संशय येतो, सवय जात नाही. निघाला तर पुन्हा लावतील, ते सोडा. तुम्हाला मात्र हात जोडून एक सांगणं आहे, म्हणजे मला हात असते तर जोडले असते. कुणाच्या लेकराच्या दातावर डाग दिसला तर आधी पाणी विचारा. माणसाकडे बोट मागून दाखवा.

लेपाच्या कडेला हळदीचा एक पुसट पिवळा ठिपका राहिलाय. प्रज्योत म्हणतो, डॉक्टरकडे जाऊन काढून घे. जागृती जात नाही. हा डाग कुणी दिला ते सगळ्या घराला ठाऊक आहे.