वेदीच्या फुलाचा चोर

मित्रांनो, मी चर्चच्या बाजूच्या दाराशी उभा असलेला एक जुना पांढरा गुलाब आहे. आधीच सांगतो, माझा स्वभाव संशयी आहे. ज्याचं सारं आयुष्य कात्री घेऊन येणाऱ्यांत गेलं, त्याने भरवसा तरी कुणावर ठेवायचा?

एका म्हाताऱ्या माळ्याने रानगुलाबाच्या बुंध्यावर माझा डोळा भरला, म्हणजे कलम केलं. दुखलं, पण जगलो. माझी फुलं वेदीवर जाऊ लागली. फादर लहान मुलांना माझ्यापाशी आणून सांगत, "पांढरा गुलाब पवित्र मरियेचा, निष्कलंक. तांबडा हुतात्म्यांच्या रक्ताचा. आणि एदेन बागेत म्हणे गुलाबाला काटेच नव्हते. माणसाने पाप केलं, तेव्हा आले." मला वाटे, पाप तुमचं आणि काटे मला!

म्हातारा गेला आणि त्याची मुलगी काम पाहू लागली. हात कडक, बोलणं मोजकं. त्याच वर्षी दर शनिवारी माझं सर्वांत टपोरं फूल नाहीसं होऊ लागलं. उजाडताना भिंतीपलीकडून एक हात यायचा. त्या हातात माळीणबाईचा कातडी मोजा असायचा. मग मी आणखी कुणावर संशय घेणार?

घंटा वाजवणारे काका तर तिच्यावर टपूनच होते. एकदा त्यांनी तिला माझ्यासमोरच गाठलं.

"मनगटावर हे ओरखडे कसले?"

"गुलाबात राबणाऱ्या हाताला ओरखडे नसतील, तर काय लोणी लागलेलं असेल?"

"वेदीचं फूल चोरणं म्हणजे देवाच्या घरी डल्ला. फादरना सांगून तुला काढायला लावतो की नाही बघ!"

"मोजे खिळ्याला टांगलेले असतात, काका. कुणीही घेईल," ती म्हणाली. मी मनात म्हटलं, पकडली गेली की सगळे असंच म्हणतात.

पुढच्या शनिवारी काका पाण्याच्या टाकीआड दबा धरून बसले. हात आला, फूल तुटलं. काका धावले आणि जागीच थिजले. भिंतीपलीकडे त्यांची बायको उभी होती. मोज्याच्या वर तिच्या मनगटावर माझ्या काट्याची ताजी रेघ उमटली होती.

"तू?"

ती फूल घेऊन कबरस्तानाच्या कोपऱ्याकडे गेली, काका मागोमाग. तिथे विटेएवढा एक दगड होता, नाव नसलेला. तिने फूल त्यावर ठेवलं.

"आज आपली लेक एकवीस वर्षांची झाली असती," ती म्हणाली. "जुने माळीबाबा दर शनिवारी स्वतः फूल कापून द्यायचे. कुणाला बोलले नाहीत. ते गेले, आणि त्यांच्या पोरीकडे मागायला माझी जीभ रेटेना."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही तिचा विषय कधी काढू दिलात?"

काकांनी टोपी काढली आणि दगडापाशी गुडघे टेकले.

रविवारची मिस्सा-प्रार्थना सुटल्यावर त्यांनी सगळ्यांदेखत माळीणबाईला हात जोडले. "फूल माझ्याच घरच्या माणसाने नेलं होतं, बाई. तुझ्यावर आळ घेतला, चुकलो."

आठवडाभराने माळीणबाईने माझी एक फांदी कापून त्या दगडाजवळ लावली. काका रोज त्या फांदीला पाणी घालतात. जरा जास्तच घालतात, मूळ कुजेल अशी मला धास्ती आहे.

मित्रांनो, कुणावर आळ घेण्याआधी त्याला नीट विचारा. मी तर बोलू शकत नव्हतो, म्हणून निदान गप्प राहिलो. तुम्हाला जीभ आहे. आणि घरातलं कुणी एखादं नाव वर्षानुवर्षं घेत नसेल, तर एकदा तुम्ही ते घेऊन बघा.