राजीला खार चावली

खार पाळायची अवदसा मलाच आठवली. माझ्या राजीनं, आठ वर्साच्या पोरीनं, चिंचंखाली पडलेलं पिल्लू आणलं आणि मीबी लाडानं ठेवून घेतलं. चार महिनं ती खार आमच्या शहापुरातल्या घरात हातमागावर नाचत हुती. एक दिवशी शेंगदाणा द्यायला गेली राजी, तर खार तिच्या अंगठ्यात दात रुतवून बसली.

ते पिलेगाचं साल. कुणाला गाठ आली की गाडीत घालून गावाबाहेरच्या छपरात न्यायचे. तिकडं गेलेलं माघारी आलेलं मी तरी बघितलं न्हाय. खार म्हंजे उंदराचीच जात, चावल्याचं कळलं तर पोरगी नेतील, म्हणून मी जखमच झाकायचं ठरवलं. सुताला लावायची खळ आमी विणकर बारक्या जखमंवरबी लावतो. तीच घट्ट थापली. वाळल्यावर वरनं काय दिसंना. खार रानात सोडली, आणि राजीला बजावलं, कुणीबी विचारू दे, काय चावलं न्हाय म्हणायचं.

खळीच्या आत जखम पिकली. ताप भरला, काखंत गाठ आली. जाऊ जयाबाई म्हणाली, खळ काढ, कडुलिंबाच्या पाण्यानं धू. मी तिलाच फाडून खाल्लं.

दुसऱ्या दिवशी पिलेगाच्या तपासणीचे डाक्टर शिपाई घेऊन आले. आतल्या खोलीत राजीची काख चाचपली आणि अंगणात येऊन गाडी मागवली. मी पाय धरले.

तवा ते म्हणाले, "बाई, हाताला काय चावलंय का? तशानंबी काखंत गाठ येते. तसं असलं तर पोर घरातच राहील."

अगं आई गं! मी हंबरडा फोडला. खार चावली, मीच लपवलं, सगळं ओकले. पण गाडी बघितली की आया वाट्टेल ते सांगतात, हे त्यांना ठावं. आत तापाच्या गुंगीत पडलेल्या राजीला शिपायानं उचलून बाहेर आणलं. अंगठ्यावर नुसती खळ, आणि खळ तर आमच्या घरात सगळ्यांच्याच बोटांना. मी ती खरवडायला धावले, तर शिपायानं मला मागं ओढलं.

पोरीलाच विचारतो, डाक्टर म्हणाले, तुमी मधी तोंड उघडायचं न्हाय. मी मेली भ्याले. पदर तोंडात कोंबला.

त्यांनी वाकून विचारलं, बाळ, तुला काय चावलं का?

राजीनं माझ्याकडं बघितलं. पोर गुणाची, माझा शब्द कधी मोडला न्हाय तिनं.

"न्हाय," ती म्हणाली. "काय चावलं न्हाय."

डाक्टरांनी गाडीवानाला खूण केली.