माझ्यात थांबलेली राणी

मित्रांनो, माळ्यावर कांद्याच्या बारदानांखाली काळं, चपटं काहीतरी दिसतं ना, तो मी. एक जुना लॅपटॉप. माझी बिजागरी मोडली आहे, बॅटरी फुगली आहे आणि फटींत कांद्याची सालं गेली आहेत. पण माझ्या पोटात एक राणी आहे. ती अजून मेलेली नाही. तिच्यासाठीच तोंड उघडतो आहे.

मला आरतीने घेतलं. तेव्हा ती चाकणला एका कंपनीत कामाला होती. दुकानात तिने माझं झाकण तीनतीनदा उघडून बंद केलं आणि मला मांडीवर घेऊन बसने नेलं. पुढे तिचं लग्न झालं आणि मोडलंही. एक बॅग आणि मी, एवढंच घेऊन ती पिंपरी पेंढारला माहेरी परत आली. तिथे तिचे आईवडील होते आणि थोरला भाऊ चांगदेव, त्याची बायको, त्याची दोन मुलं. पहिल्याच दिवशी आरतीने मला भाचीच्या हातात दिलं. "संस्कृते, अभ्यासाला घे. माझं काय, मला मोबाईल पुरतो."

अभ्यास झाला, नाही असं नाही. पण संस्कृतीचा जीव जडला तो एका खेळावर. जुन्या काळातल्या राजेरजवाड्यांचा खेळ. त्यात तुम्ही एका लहानशा जहागिरीचे मालक असता. तुमच्यावर ड्यूक, त्याच्यावर राजा. संस्कृती त्यांना पाटील, देशमुख आणि छत्रपती म्हणायची, म्हणजे घरात सगळ्यांना कळायचं. या खेळात जमिनीशिवाय किताबाला किंमत नाही. नुसतं नाव असलं तर लोक मान लववतात आणि पुढे जातात. जमीन असली तर सैन्य येतं, धान्य येतं, दरबारात बसायला जागा मिळते. आणि तुम्ही मेलात की खेळ संपत नाही. तुमची जमीन वारसाकडे जाते आणि मग तुम्ही तो वारस होऊन खेळता.

संध्याकाळी शेतातून आल्यावर चांगदेव हातपाय धुऊन तिच्यामागे येऊन बसायचा. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण नकाशा बघता बघता तो खेळात पार गुंतायचा. एकदा संस्कृतीचा म्हातारा राजा आजारी पडला. त्याला चार मुलं. सगळ्यांत थोरली मुलगी, पाठचे तीन मुलगे. तिच्या जन्माच्या वेळीच संस्कृतीने तिचं नाव आरती ठेवलं होतं.

"आता काय व्हईल?" चांगदेवने विचारलं.

"राज्याचे तीन तुकडे होतील, पप्पा. मुलांत वाटून."

"आन् तू बघत बसणार? तुकडं पडलं की शेजारचा गिळतो. एकालाच दे."

"एकालाच द्यायचा आणि मुलींनाही धरायचा कायदा करता येतो. त्याला सरदारांची संमती लागते, ती मिळवली मी. पण मग थोरल्याला जातं. आणि थोरली मुलगी आहे. आरती."

आरती तिथेच मेथी निवडत होती. चांगदेव हसला. "आरती व्हय? मंग तिलाच दे. आमची आरती लहानपनापास्नं हुशार. मीच ढ."

"दादा, ह्ये कागदावर लिहून दे बरं," आरती म्हणाली. सगळे हसले. चांगदेवची आई, ठमाबाई, तीसुद्धा पदर तोंडाला लावून हसली.

अशी ती राणी गादीवर बसली. त्या वर्षी दसऱ्याला ठमाबाईने विळे, कोयते, फवारणीचा पंप पुजायला मांडले आणि मलाही त्यांच्या रांगेत ठेवलं. माझ्या झाकणावर हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. मित्रांनो, तेवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आजोबा, म्हणजे आरतीचे वडील, गेले. सात-बाऱ्यावर वारसांची नावं लागली, त्यात आरतीचंही लागलं. ते आपोआप लागतं. पण ते तिथे ठेवायचं नसतं, हेही आमच्याकडे सगळ्यांना आपोआप कळतं. बहिणीने हक्कसोड करून द्यायची, भावाने साडीचोळी करायची, पुरणपोळीचं जेवण घालायचं. सगळं गोडीत.

आरतीला मात्र विहिरीकडचं अर्धा एकर रान हवं होतं. तिथे हिरवी जाळी बांधून टोमॅटोच्या रोपांची नर्सरी टाकायची आणि कडेला दोन खोल्या बांधायच्या, एवढंच तिच्या मनात होतं. किती दिवस ती माझ्यावर ट्रे, कोकोपीट, बियाणं यांचे व्हिडिओ बघत होती. शेवटी एका सकाळी चहा झाल्यावर तिने विषय काढला.

चांगदेवने कप खाली ठेवला. "आरते, मी तुला कधी नको म्हनलो का? ऱ्हा की. हे घर तुझंच हाय. पण तुकडं नको पाडू."

"घर माझं म्हणतोस, मग जमीन कोणाची?"

"मी बी दिली व्हती सही," ठमाबाई भिंतीकडे बघत म्हणाली. "माझ्या भावानं येक भाऊबीज चुकवली न्हाई. सही केली म्हणून माहेर ऱ्हायलं."

संस्कृती माझ्यासमोर बसली होती. खेळ चालू होता. ती वळून म्हणाली, "पप्पा, तुम्हीच म्हणाला होतात, आरतीलाच दे म्हणून."

"ते गेम व्हतं," चांगदेव म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. तो समजावत होता, लहान मुलाला समजावतात तसा.

शेवटी आरती जुन्नरच्या कचेरीत गेली आणि हक्कसोडीवर सही करून आली. अंगावर नवी साडी होती, मोरपंखी. भावाने स्वतः निवडली होती, रंगही तिला शोभत होता. जेवण झाल्यावर ती संस्कृतीजवळ येऊन बसली.

"काय म्हणते तुझी राणी?"

"बरी आहे. भावांना एकेक गाव दिलं तिने."

"का गं? कायद्यानं तर सगळं तिचंच ना?"

"द्यावं लागतं, आत्या. नाही दिलं तर ते बंड करतात."

आरतीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, परत सोडलं. "म्हणजे जो बंड करंल त्याला गाव," ती म्हणाली. "माझं चुकलंच मग. मी साडी नेसले."

महिन्याभरात ती निमगाव सावाला गेली. तिथे एकाची पडीक जागा खंडाने, वर्षाच्या भाड्यावर, घेऊन तिने नर्सरी टाकली. भाऊबीजेला ती येते, ओवाळते, जेवते, आणि उजेड असतानाच निघते.

पुढच्या वर्षी चांगदेवने विहिरीकडचं तेच अर्धा एकर रान पुण्याच्या एका पावण्याला विकलं. त्या पावण्याला बंगला बांधायचा होता. तारेचं कुंपण पडलं. आता विहिरीवर जायचं तर बांधावरून वळसा घालावा लागतो.

"आता तुकडा नाही पडला का, पप्पा?" संस्कृतीने विचारलं.

"तोंड लई चालतंय तुझं," चांगदेव म्हणाला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

त्यानंतर मला शौर्यने घेतलं, संस्कृतीच्या धाकट्या भावाने. त्याने नवा डाव मांडला. त्यात मुलींना काही मिळत नव्हतं. त्याने तसं ठरवलं नव्हतं हो, तो गुणी मुलगा आहे. खेळ सुरू करताना तो कायदा आधीच लागू असतो. बदलायचा तर कष्ट करावे लागतात, आणि त्याला बदलायचं कारणच पडलं नाही. मग त्याला मोबाईल मिळाला. एका दसऱ्याला पूजेच्या रांगेत पंप होता, कोयता होता, मी नव्हतो. दिवाळीच्या साफसफाईत मी माळ्यावर आलो.

पण त्याआधी एका दुपारी संस्कृतीने मला शेवटचं उघडलं होतं. तिचा जुना डाव अजून होता. राणी आरती म्हातारी झाली होती, खोकत होती. तिच्या पोटी मुलगाच होता. ती गेली की गादी त्याच्याकडे जाणार होती. संस्कृती बराच वेळ बघत राहिली. मग तिने खेळ तिथेच थांबवला, साठवला आणि झाकण मिटलं.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, मला ऊन लागू देऊ नका, असं मी म्हणायला हवं. पण मला आता पुसून काय होणार? तुमच्या घरी आत्या आली तर तिची पिशवी हातातून घ्या. चहा झाला की तिला शेतात घेऊन चला आणि मोठ्यांच्या देखत एकदाच विचारा, आत्या, यातलं तुझं कुठलं? ती काय उत्तर देते ते ऐका. आणि तुमची बहीण शेजारी उभी असेल, तर तिच्याकडेही बघा.

खाली आता शौर्यच्या नावाने नवा बोअर घेतला आहे. पाणी लागलं, पेढे वाटले. इथे माळ्यावर सगळा आवाज येतो. माझ्यात राणी थांबली आहे, आणि तिची सगळी जमीन अजून तिच्याच नावावर आहे.