एका खुर्चीचं काम

ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर सांभाळायला दोघं होती: सिस्टीमवाले साहेब आणि त्यांची मदतनीस, जिला ते तोंडावर गोगलगाय म्हणत. अँटीव्हायरस अपडेट करायला ती टेबलाटेबलाशी जाऊन लोकांना उठवायची आणि तेवढ्या वेळात साहेब चहा पीत तिच्या संथपणावर व्याख्यान द्यायचे.

मालकांनी नवा अँटीव्हायरस निवडायला सांगितला, तेव्हा तिची ब्याद घालवायची साहेबांना आयती संधी मिळाली. सगळी मशीन एकाच जागेवरून सांभाळणारी दोन सॉफ्टवेअर त्यांनी पाहिली. एक तरबेज माणसालाच झेपेल असं होतं, दुसरं अगदी सोपं. साहेबांना कष्टाचं वावडं, त्यामुळे त्यांनी सोपं निवडलं.

"एका खुर्चीवरून सगळं दिसतं, मालक," ते मीटिंगमध्ये म्हणाले. "दुसऱ्या माणसाची गरजच नाही. इतकं सोपं, की आमची गोगलगायसुद्धा चालवेल!"

सगळे हसले. सर्वांत जास्त मालक हसले, आणि डोळे पुसत त्यांनी विचारलं, "मग तुम्हाला कशाला ठेवायचं? तिचा पगार तर निम्मा आहे."

जाण्याआधी तिला शिकवायचं कामही साहेबांच्याच गळ्यात पडलं. शेवटच्या दिवशी ती म्हणाली, "सर, एक राहिलं. सोडून गेलेल्या माणसाचं मशीन यादीतून कसं काढायचं?"

साहेबांनी माउसकडे हात नेला.

"नको सर, तुम्ही नुसतं सांगा," ती अदबीनं म्हणाली. "माझा हात बसायला हवा."